बबनराव इंगोले यांच्या अंगठ्याविरुद्ध

प्रथम यंदाच्या तारखा. पोळ्यानंतरचा पहिला रविवार: मी तोंडी मागणी केली, नकार मिळाला. जबाबदार: श्री. बबनराव इंगोले. घटस्थापना: मी लेखी मागणी केली, नकार तोंडी मिळाला. जबाबदार: तेच. दसरा: मी सोने द्यायला त्यांच्या दारी गेलो. त्यांनी आपट्याची पाने घेतली, मला कडकडून मिठी मारली आणि मिठीतच नकार दिला. जबाबदार: तेच, आणि त्यांचा उजवा अंगठा.

अंगठ्याला सहआरोपी केल्याबद्दल कोणी हसू नये. बबनरावांना मी शेजारी म्हणून ओळखतो, पण निकाल देतो तो त्यांचा अंगठा. आमच्या अमरावतीच्या या कॉलनीत त्यांची आणि माझी भिंत एक आहे. त्या भिंतीपलीकडे ते एकटेच राहतात. मुलगा परगावी असतो, पत्नी हयात नाहीत. सकाळी मी वर्तमानपत्र उघडतो तेव्हा पलीकडून आवाज येतो, "हट्! फरदड!" आणि एक कांदा हवेत उडून पेरूच्या झाडाखाली पडतो. तो स्वयंपाकाचा कांदा नव्हे, निशिगंधाचा. बबनरावांच्या अंगठ्याने तो नापास केलेला असतो.

फरदड म्हणजे कपाशीची शेवटची, उरलीसुरली वेचणी. हा शब्द त्यांच्या तोंडी असण्याचे कारण असे की ते आयुष्यभर कापूस बाजारात ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांनी ओढायचा, धाग्याची लांबी अंगठ्यावर जोखायची आणि पुढच्या क्षणी प्रत सांगून मोकळे व्हायचे. दर्यापूरकडचे भलेभले शेतकरी त्या अंगठ्याकडे श्वास रोखून पाहात, असे बबनराव स्वतः सांगतात. निवृत्तीनंतर माणूस घरी आला, पण अंगठा काही निवृत्त होईना. तो लग्नात लाडू दाबून पाही. माझे जावई प्रथमच घरी आले तेव्हा बबनरावांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मध्यम हाय. पन टिकाऊ." (हे निदान आजवर बरोबर ठरले आहे, एवढे न्यायाच्या दृष्टीने नमूद करतो.)

शेवटी अंगठ्याला फुलझाडांचे कंद सापडले आणि कॉलनीचे स्वास्थ्य संपले!

पाऊस ओसरू लागला की बबनराव अक्षरशः पेटतात. ओट्यावर जुनी सतरंजी पसरतात. तिच्यावर ग्लॅडिओलसचे चपटे गड्डे, निशिगंधाचे कांदे, लिलीचे कांदे आणि रताळ्यांच्या घोसासारखे डेलियाचे कंद मांडले जातात. मग तपासणी सुरू होते. गड्डा मोठा आणि पसरट असेल तर ते तुच्छतेने बाजूला सारतात. "नुसतं पोट सुटलं हाय याचं. फूल काय देईन हा!" लहान पण मधोमध उंच असेल तर डोळे लकाकतात. "हा पाहा गडी! याच्यात दम हाय." निशिगंधाचा कांदा ते कानाशी धरून हलवतात, कारण आतून सुकला असेल तर वाजतो म्हणे. डेलियाच्या कंदाची मान चिमटीत धरून ते उन्हाकडे वळवतात आणि त्या मानेवरचा कोंब फुटण्याचा बारीक डोळा शोधतात. डोळा नसेल तर कंद कितीही गलेलठ्ठ असो, त्याला जन्मभर फूल येणार नाही. "आंधया हाय. कहाडा बाहेर!"

त्यांचा अंगठा अचूक आहे असा कोणाचा समज झाला असेल तर तो दूर करणे माझे कर्तव्य आहे. पेरूखाली फेकलेल्या फरदडीतून दरवर्षी अशी काही फुले उमलतात की ‘सुपर’ ठरवलेल्या वाफ्याने लाजावे. मी ते भिंतीवरून पुराव्यासह दाखवले. बबनराव फुलांकडे पाहून म्हणाले, "ते चुकून आले जी. त्याईले माहीत नव्हतं का आपन फेल हाओत."

आता मूळ तक्रारीकडे येतो.

त्यांच्याकडे डेलियाचे एक वाण आहे. रंग पिकल्या जांभळाच्या सालीचा, आकार जेवणाच्या ताटाशी स्पर्धा करणारा. बबनराव त्याला ‘मालक’ म्हणतात. दिवाळीनंतर मालक फुलला की रस्त्याने जाणारी माणसे सायकली थांबवतात. मी न्यायालयाच्या कचेरीत अधीक्षक म्हणून आयुष्य घालवलेला मनुष्य आहे, फुलांनी विचलित होणे माझ्या स्वभावात नाही. परंतु मालकाला प्रथम पाहिले त्या दिवशी मी चहा गार होऊ दिला. मला तो कंद हवा होता. आजही मी हे नि:संकोच सांगतो: हवा होता!

आणि बबनराव कंजूष नाहीत, येथेच तर मुख्य अन्याय आहे. ते कंद वाटतात. मात्र वाटण्यापूर्वी मुलीचे स्थळ पाहावे तसे घर पाहून येतात. भर दुपारी अंगणात उभे राहून ऊन किती पडते ते पाहतात, आपली काळी माती पाणी धरून ठेवते की सोडते ते बोट खुपसून जोखतात, आणि घरात पाणी घालणारे माणूस कोण, त्याचा स्वभाव तापट तर नाही ना, याची चौकशी करतात. एवढे झाल्यावर कंद देतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मालक मिळाला. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मिळाला. औषधाच्या दुकानवाल्यांनाही मिळाला, आणि त्यांच्या घरी चतुर्थीच्या उपासाला तो रताळी समजून उकडला गेला! वर त्या घरच्या सासूबाईंचा निरोप आला की यंदाची रताळी गोड नव्हती, दुसरी असल्यास पाठवावी. बबनराव ओट्यावर डोके धरून बसले. आणि, वाचकहो, त्यांनी दुसरा कंद पाठवला. ज्यांनी मालकाला खाल्ले त्यांना दुसरा कंद, आणि मला नकार!

मी अंगणात वाळू आणि शेणखत मिसळून वाफा उंच केला. ऊन येण्यासाठी कडुनिंबाची फांदी छाटली. बबनराव आले, उभे राहिले, बोट खुपसले, आणि म्हणाले, "नाई जमत."

"कारण?"

"आता कारन काय सांगू तुमाले, वकीलसाहेब. नाई जमत म्हंजे नाई जमत."

मी वकील नाही, हे मी त्यांना अनेकदा कळवले आहे. शिवाय कारणे न देता अर्ज फेटाळणे हा नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा भंग आहे, हेही त्यांना सविस्तर पत्राने कळवले, आणि भिंत एक असूनही ते नोंदणीकृत डाकेने पाठवले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्यांचे डोके वर आले. "पत्र भेटलं तुमचं. अक्षर लय सुंदर हाय. डेलिया नाई भेटनार."

मी तसाच त्यांच्या ओट्यावर गेलो. वाद घातला. चहा झाला. पुन्हा वाद घातला. ते म्हणाले, "तुमी झाडाले पानी घालता का नोटीस बजावता? झाड घाबरून जाईन ना!" मी म्हणालो, हा वैयक्तिक आरोप आहे. ते म्हणाले, "मंग उद्या या, उद्या याच्यावर बोलू." मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. असे कित्येक हंगाम गेले.

यंदा मात्र मी ठरवले की हे अधिकारक्षेत्रच ओलांडायचे. दसरा होताच बबनराव नव्या गड्ड्यांसाठी अकोल्याला निघाले. मी म्हणालो, मीही येतो. ते इतके खूश झाले की पहाटेच पिशव्या घेऊन माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले, आणि बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी आग्रहाने मला दिली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका गल्लीत रुख्माबाई बसतात. त्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फुलांच्या शेतीत आहे. समोर गोणपाटावर गड्ड्यांचे ढीग होते. बबनराव उकिडवे बसले आणि अंगठा चालू लागला. दाबले, हलवले, टाकले. दाबले, हुंगले, टाकले. गिऱ्हाईके खोळंबली.

"काका," रुख्माबाई म्हणाल्या, "गड्डे घेऊन राहिले का पोरीसाठी पोरगा पाहून राहिले?"

"पोरगा असता तं इतका वेळ लागला नसता बाई. पोराईचं काय, कसाबी चालते."

"मंग घ्या ना लवकर. माहा माल दाबून दाबून नरम करून टाकसान तुमी."

"नरम झाला म्हंजे फरदडच होता तो!"

रुख्माबाईंनी कपाळाला हात लावला. मी हसू दाबत पलीकडच्या टोपलीपाशी वळलो आणि जागच्या जागी थबकलो. टोपलीत डेलियाचे कंद होते, आणि त्यांच्यावर खुणेसाठी एक वाळलेले फूल बांधले होते. रंग पिकल्या जांभळाच्या सालीचा. मालक! तोच! उघड्या बाजारात, कोणाच्याही परवानगीविना! मी तीन कंद उचलले, पिशवीत टाकले आणि बबनरावांसमोर जाऊन उभा राहिलो.

"बबनराव, आपल्यापुढे प्रलंबित असलेला माझा अर्ज मी या क्षणी मागे घेत आहे. यापुढे तो आपल्या अधिकारात राहिला नाही."

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले. अंगठा पुढे आला, तसाच मागे गेला. "बरं झालं," ते म्हणाले. एवढेच. मग त्यांनी समोरच्या ढिगातले गड्डे न दाबता, न हलवता मुठीमुठीने पिशवीत भरले. रुख्माबाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. "काका, बरं नाई का?"

परतीच्या बसमध्ये मी बोलत होतो. वाफा कोणत्या दिशेला, काठीचा आधार केव्हा द्यायचा, शेजारी पांढरी लिली लावावी की नको. मी कमालीचा आनंदात होतो. बबनराव खिडकीबाहेर पाहात होते. मूर्तिजापूरला बस थांबली, चहावाला आला आणि गेला, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"मंग आता पत्र नाई येनार तुमचं."

"पत्राचे प्रयोजनच उरले नाही."

"हाव. बराबर हाय." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "डाक्टरले म्या मालक देला ना, त्याच्या आंधी ते रोज येत. मातीत काय टाकू, कोंब कवा निंघते, सारं इचारत. देला, फुलला, अन येनं बंद झालं. हेडमास्तरीनबाईचं बी थेच. ज्याच्या घरी कंद गेला, तो मानूस पुन्हा फाटकात नाई आला. कशाले येईन? त्याचं काम झालं ना जी." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तुमाले नाई देला तं तुमी भांडाले तरी येत होते."

बस निघाली. अपील, फेरतपासणी, पुनर्विलोकन, स्थगिती, हे सारे मला तोंडपाठ आहे. या नकारावर यांपैकी काय करावे ते मात्र सुचेना. बडनेरा मागे पडेपर्यंत मी विचार केला. मग माझी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हा माल तपासणीविना लावणे नियमाला धरून होणार नाही," मी म्हणालो. "आपला अभिप्राय हवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग एक कंद बाहेर काढला, त्याची मान उन्हाकडे वळवली आणि अंगठा लावला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, निर्दय चमक आली.

"आंधया हाय."

"मला डोळा स्पष्ट दिसतो आहे!"

"तो डोया नव्हे, डाग हाय. फेल. अन हा दुसरा? हा बी फेल! बाईनं फसवलं ना तुमाले, वकीलसाहेब!"

"मी हरकत नोंदवतो."

"नोंदवा. उद्या ओट्यावर या, तिथं आयकतो तुमची हरकत."

कंद ठणठणीत होते. मी ते लावले आहेत, तिन्ही फुटले आहेत, आणि रोज संध्याकाळी बबनराव माझ्या वाफ्याशी उभे राहून ते फुटलेलेच नाहीत असा युक्तिवाद करतात. मी रोज त्याचे खंडन करतो.

परंतु प्रकरण येथे मिटत नाही. माझा रोख आता बदलला आहे. आमच्या कॉलनीत ज्यांच्या अंगणात या हंगामात बबनरावांच्या हातचे फूल डोलते आहे, त्या सर्वांना, डॉक्टरांना, मुख्याध्यापिकाबाईंना आणि मालक उकडून खाणाऱ्या कुटुंबालाही, मी या लेखाद्वारे जाहीर विचारणा करतो: फूल उमलले हे सांगायला तुमच्यापैकी कोण त्यांच्या दारी गेले? गेला नसाल तर का नाही? उत्तर लेखी स्वीकारले जाणार नाही. ते प्रत्येकाने बबनरावांच्या ओट्यावर, चारचौघांदेखत, सतरंजीवर बसून द्यावे.