टिटवीचा समझोता

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना भांडणे होती, पण भांडायला कुणालाच सवड नव्हती. सिंहाच्या दरबारात तक्रार नेली की तारीख मिळे, आणि तारीख येईपर्यंत तक्रार करणारा म्हातारा होई.

म्हणून त्या जंगलात सामोपचार केंद्र निघाले. त्याचे प्रमुख होते खवलेसाहेब, म्हणजे आपले खवल्या मांजर. कुणी आवाज चढवला की ते अंगाची गुंडाळी करून घेत. त्यामुळे त्यांच्याशी आजवर कुणाचे भांडण झाले नव्हते. एवढी लायकी पुरेशी होती.

केंद्र सर्व धंद्यांसाठी खुले होते. मधाच्या धंद्यात अस्वल आणि मधमाश्या यांचा तंटा मिटला. मासेमारीत पाणमांजर आणि मासे यांचाही मिटला. बांधकामातली वारुळांची प्रकरणे खवलेसाहेब जातीने पाहत, कारण वाळवी हा त्यांच्या आवडीचा विषय होता. धंदा कोणताही असो, तोडगा एकच. दोन्ही पक्षांनी थोडे थोडे सोडायचे.

तर या जंगलात एक टिटवी होती. तळ्याकाठच्या माळावर चार खडे बाजूला सारून तिने चार अंडी घातली होती. त्या वर्षी तळे निम्मे आटले आणि गव्यांची पाण्याची वाट सरकत सरकत नेमकी त्या खड्यांच्या रोखाने आली. अजून दोन दिवसांनी कळप तिथून जाणार होता. टिटवीचा जीव टांगणीला लागला.

तिच्या आईने, आजीने अशा वेळी एकच केले होते. पंख पसरून, आकाशपाताळ एक करून ओरडायचे. पण आता जंगल सुधारले होते. शेजारणी म्हणाल्या, "अगं, केंद्र असताना ओरडतेस काय?" टिटवीलाही ते पटले. चारचौघांत अडाणी दिसायला कुणाला आवडते?

गव्यांच्या बाजूने एक गायबगळा आला. तो गव्याच्या पाठीवर बसून हिंडत असे आणि खुरांनी उडालेले किडे खात असे. त्यामुळे तो "आमचे खूर" असेच म्हणे. गव्यांना मात्र त्याने यातले काही सांगितले नव्हते. उगाच त्यांना कशाला त्रास?

खवलेसाहेबांनी आधी नियम सांगितला. बोलणी चालू आहेत तोवर कुणी ओरडायचे नाही. टिटवी मान खाली घालून बसली. दिवसभर बोलणी झाली. संध्याकाळी साहेबांनी तोडगा काढला.

"टिटवीताई, तुम्ही दोन अंडी सोडा. गवे दोन सोडतील."

"गव्यांची कुठे आहेत अंडी?" टिटवीने विचारले.

"तुमचीच. चारही तुडवायचा त्यांचा हक्क आहे. त्यातला अर्धा ते सोडतायत. समोरच्याचा मोठेपणा पाहा जरा."

गायबगळ्याने नम्रपणे मान लववली. टिटवीने ओल्या मातीत पाय उमटवला. समझोता झाला. कोणती दोन ती तिने स्वतःच ठरवावीत, एवढी मोकळीक तिला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंड्यांपाशी उभी राहिली. एक उजवीकडे सारले. मग परत आणले. दुसरे सारले. तेही परत आणले. चारही सारखीच ऊबदार होती. आणि तिला रडू आले, कारण आई झालेल्या कुणालाही हा हिशेब जमत नाही.

तेवढ्यात कळप आला. ठरल्याप्रमाणे तिने बाजूला होऊन गप्प राहायचे होते. पुढच्या गव्याचा खूर उचललेला तिने पाहिला आणि ती ओरडली. अशी ओरडली की तळ्यातली बदके उडाली. पलीकडच्या टेकडीवर खवलेसाहेबांची गुंडाळी झाली.

गवा थांबला. "काय झालं गं?"

"माझी अंडी आहेत इथं. तुमच्या खुरापुढं."

गव्याने खाली वाकून पाहिले. "मग कालच ओरडायचंस ना. आम्हांला खालचं दिसत नाही."

कळप करवंदीच्या जाळीला वळसा घालून गेला. त्यांना सातआठ पावले जास्त पडली.

पुढे चार पिल्ले निघाली आणि चारही ओरडायला शिकली. केंद्राचा वार्षिक अहवालही निघाला. त्यात लिहिले होते, मध, मासेमारी, बांधकाम या सर्व धंद्यांत केंद्राला संपूर्ण यश मिळाले आहे. मासे तर इतके समाधानी आहेत की त्यांच्यापैकी एकजणही पुन्हा आला नाही. वाहतुकीत मात्र एक प्रकरण फसले. एका टिटवीने समझोता मोडला.

तात्पर्य : ज्याचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही, त्याचे समाधान झाले असे समजावे. बाकीच्यांवर अजून काम चालू आहे.