चिकूवर बसलेला हात

दोन डिसेंबर, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. माडीवरील भाडेकरू डॉ. घुगे यांनी मला जिन्यात अडवून विचारले, "काका, तुमचं पित्ताशय मला कधी दाखवताय?"

"दाखवणार नाही," मी म्हणालो.

"गल्लीतल्या सगळ्यांचं बघून झालं. तुमचंच राहिलंय."

गृहस्थ मूळचे हिंगोलीकडील, अविवाहित. येथील एका रुग्णालयात तातडीच्या विभागात नोकरीस आहेत. रुग्ण आला की इतर डॉक्टर त्याला प्रश्न विचारतात. हे सोनोग्राफीचे यंत्र खाटेशी ओढतात. "आधी बघू, मग बोलू" हे त्यांचे पालुपद. कोठे दुखते हे रुग्ण सांगू लागेपर्यंत त्याच्या छातीवर थंडगार जेली फासलेली असते.

तेथील भिंतीवर, गर्भलिंगनिदान केले जात नाही, असा कायद्याने लावावा लागणारा फलक आहे. धाकटी डहाणूचा एक वृद्ध मच्छीमार दम लागतो म्हणून आला होता. फलक वाचून तो उठूनच बसला. "डॉक्टर, यात माझं काय काम? चार नातवांचा आजा मी."

"आजोबा, मुलगा की मुलगी ते सांगणार नाही. फुप्फुसात पाणी आहे का, एवढंच सांगतो."

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, अवयव राहतात. आशागडच्या एका भाजीवालीस त्यांनी भर बाजारात विचारले, "मावशी, उजव्या बाजूचा मुतखडा पडला का?" त्या बाईंनी त्या दिवशी त्यांना वांगी दिली नाहीत.

यंत्राच्या पडद्यावर पाहत नेमक्या जागी सुई घालण्याचा सराव ते चिकूवर करीत. डब्यात खायच्या जेलीचे पाणी ओतायचे, त्यात चिकू बुडवायचे आणि ते घट्ट होण्यासाठी डबा आमच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, असा क्रम होता. आमच्या मंडळींनी एकदा तो डबा पुडिंग समजून हळदीकुंकवास आलेल्या बायकांपुढे ठेवला. तिघींनी कृती विचारून घेतली.

त्याच दोन डिसेंबरला साडेदहा वाजता सुमती, माझी पत्नी, स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेना. आठ दिवस तिला धाप लागत होती. आम्ही ती वयावर ढकलली होती. रिक्षाने रुग्णालयात पोहोचलो तेव्हा तिचा रक्तदाब फार खाली गेला होता. तेथील वरिष्ठ डॉक्टरांनी तिला वलसाडच्या मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगितले. रुग्णवाहिका दारात उभी राहिली.

घुगे यांनी यंत्राचा प्रोब तिच्या छातीवर टेकवला. पडद्यावर काळे पाणी होते आणि त्यात हृदय हेलकावत होते.

"काका, हृदयाभोवती पाणी साचलंय. त्याला फुगायला जागाच उरली नाही."

"वलसाडपर्यंत तग धरेल?"

"वाटेतल्या तलासरीपर्यंतसुद्धा सांगता येत नाही. पाणी आत्ता काढायला हवं."

"आपण हे किती वेळा केले आहे?"

"चिकूवर पुष्कळ वेळा. माणसावर दोनदा."

वरिष्ठ डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि मान डोलावली. मी कागदावर सही केली.

सुईची पांढरी रेघ पडद्यावर पुढे सरकत होती. पिवळसर पाणी नळीत आले. काही मिनिटांत रक्तदाब चढला. सुमतीने डोळे उघडून मला शोधले. "अहो, भाजी खाली उतरवलीत ना? करपली असेल."

रुग्णवाहिका परत पाठवली. दुपारभर घुगे दर पंधरा मिनिटांनी यंत्र घेऊन येत. ड्यूटी दोन वाजता संपली, तरी ते हलेनात. अखेर सिस्टर म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आता काकूंना झोपू द्या. तुम्ही जेवून या."

ते स्टुलावर बसले. प्रोब पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जिन्यात माझं पाऊल वाजलं की काकू आतून विचारतात, हर्षद, जेवलास का? या गावात बाकी सगळे मला आपापला रिपोर्ट विचारतात."



संध्याकाळी सुमतीजवळ तिची बहीण येऊन बसली. मी घुगे यांना सोबत घेऊन घरी आलो. ते माडीवर हातपाय धुवत होते. मी करपलेली कढई भिजत घातली, तांदूळ धुतले आणि कुकरमध्ये दोघांचा भात लावला.