भरल्या पोटी तेल

फागीने पोशेऱ्याला सासरी आल्यावर एकच ठरवले होते : सासऱ्यापुढे तोंड उघडायचे नाही. त्या घरात तशी रीतच होती. अगदी अडले, तर सुनेने अंगणातल्या वासराशी बोलायचे आणि घरच्यांनी ते ऐकून काय तो अर्थ लावायचा. (दोन महिन्यांत तिचे बहुतेक बोलणे वासराशीच झाले होते. ऐकून घेण्यात ते नवऱ्यापेक्षा उजवे होते.)

एके दिवशी जव्हार संस्थानच्या जंगलखात्याचे अंमलदार गावात मुक्कामाला होते. शिपायाची एक जागा भरायची होती. उमेदवाराने टेकडी धावत चढून दाखवायची. फागीचा नवरा नवसू नागलीच्या सात भाकऱ्या आणि सुकटीचे कालवण चेपून तयार झाला.

"आता अंगाला तेल!" सासरा जिवा म्हणाला. "हरणासारखा पळशील. पोरी, तेल तापव."

फागीचा बाप खोडाळ्याला झाडपाल्याची औषधे देई. भरल्या पोटी तेल चोळू नये, हे तिला तोंडपाठ. ती वासराकडे वळली. "वासरा, पोट तट्ट फुगलंय, आंबट ढेकरा येतात. आता तेल चोळलं तर सगळं वर येल हां!"

"अगो बाय, वासराला बाधलं!" म्हणत सासूने त्याच्यापुढचा पेंढा उचलून नेला.

"सून गुणाची हाय," जिवा कौतुकाने म्हणाला, आणि त्याने लेकाला रगडायला घेतले. फागी मुकाट्याने तेलाची वाटी पुढे करत राहिली. (हे तिला फार छान जमे.)

नवसू अर्धी टेकडी चढला, पोट धरून परतला आणि सातही भाकऱ्या अंमलदारांच्या बुटांवर ठेवून मोकळा झाला.

"जेवून लगेच तेल चोळलंस? घरात सांगणारं कुणी नाही?" त्याचे तेलाने चकाकणारे अंग पाहून अंमलदार ओरडले.

"बायकोला ठाव असंल सायेब. तिचा बाप औषधं देतो."

अंमलदारांची पाठ आठवडाभर धरलेली होती. "बोलवा तिला. तेल कधी लावू नये, ते मला नीट सांगितलं तर तुला ठेवून घेतो."

"पोरी, रीत गेली खड्ड्यात," जिवा वाटेत काकुळतीला आला. "सायबाशी थेट बोल. नवसूच्या नोकरीचा सवाल हाय."

फागीने पदर सावरला, धीर करून मान वर केली. समोर भल्यामोठ्या मिशा दिसल्या. मान आपोआप बाजूला वळली. तिथे साहेबांचा घोडा बांधलेला होता.

मग तिने जन्मातले सर्वांत लांब भाषण केले. "ताप असला तर तेल नाय. अपचन असलं तर नाय. सर्दी असली तर नाय. पाठ धरलीच असली, तर एक दिवस उपास, मग तेल." एक शब्द चुकला नाही. घोड्याने कानसुद्धा टवकारले.

अंमलदार थक्क होऊन उठले आणि घोड्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "घोड्याची पाठ धरलीय, हे लांबून पाहून ओळखलं हिनं!"

नवसूला नोकरी लागली, तबेल्यात. साहेबांची पाठ होती तशीच राहिली. घोड्याला मात्र उपास घडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फागीच्या अंगणात दहा-बारा रोगी ओळीने उभे होते. त्यांत दोन पायांचा एकही नव्हता.