साहेबांची पाठ

खिळा ठोकून झाला होता, चौकट आणून झाली होती, तिची काचही दोनदा पुसून झाली होती. आता फक्त फोटो यायचा होता, आणि तो आणायची जबाबदारी धाकट्यावर होती.

"भाऊजी, मला बाकी काही नको," वहिनींनी बजावलं होतं. "साहेब यांच्याशी हात मिळवताहेत, एवढा एकच फोटो. आणि दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत."

दादानं एका सात मजली कचेरीत चौतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. 'एवढं वरखाली करूनही मी आहे तिथंच आहे,' असं तो स्वतःच हसत सांगायचा. त्याचं स्टूल लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात आणि बटणं डाव्या हाताशी. आत शिरलेला माणूस दाराकडे तोंड करून उभा राहणार, त्यामुळे दादा अख्ख्या कचेरीला पाठीवरून ओळखायचा. कोणाचं टक्कल किती सरकलं, कोणी केस रंगवले, हे त्याला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. साहेबांशी त्याचं चौतीस वर्षांत एकाच शब्दाचं बोलणं झालं होतं, "सातवा." पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेब खाली येऊन सगळ्यांसमोर हात मिळवणार असं ठरलं, तेव्हापासून दादा एक दिवसाआड उजव्या हाताची नखं तपासत होता.

धाकटा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. त्याला नेमकी त्याच महिन्यात छायापत्रकारितेच्या कार्यशाळेत जायची बुद्धी झाली. दर रविवारी वर्ग, मधल्या आठवड्यात प्रत्यक्ष काम. शिकवणारे मास्तर वर्तमानपत्रात फोटो काढून निवृत्त झालेले. आयुष्यभर कॅमेऱ्याची पिशवी अडकवून त्यांचा एक खांदा कायमचा खाली गेला होता.

"रांगेत उभं राहून कॅमेऱ्याकडे बघतात तो फोटो नाही, ती हजेरी आहे!" मास्तर गरजायचे. "तुम्ही तिथं नाहीच असं समजा. कोणाला हलवायचं नाही, कोणाला हसवायचं नाही. आणि निसटलेला क्षण पुन्हा करायला लावायचा नाही. ते खोटं!"

हे सगळं धाकट्याच्या डोक्यात इतकं भिनलं की घरी दूध उतू जाताना त्याने गॅस बंद करण्याऐवजी चार फोटो काढले. मास्तरांनी पुढचं काम दिलं, 'एका माणसाचा कामाचा दिवस, सात फोटोंत.' धाकट्याला आयताच विषय मिळाला. कचेरीने निरोपासाठी ठरवलेल्या फोटोवाल्याला त्याने परस्पर नको म्हणून कळवलं. "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?"

शेवटच्या दिवशी सगळी कचेरी तळमजल्यावर लिफ्टसमोर जमली. सगळ्यांचे मोबाइल वर आले. "मोबाइल खिशात ठेवा, फ्रेम बिघडते," धाकट्याने हुकूम सोडला. कोणाला हलवायचं नाही, हा नियम त्याला तेवढ्यापुरता आठवला नाही. लोकांनी मुकाट्याने मोबाइल ठेवले.

दादा साहेबांना घेऊन खाली आला. दार उघडलं. सगळे दादाकडे बघत होते आणि धाकटा बघत होता स्टुलाकडे. त्या स्टुलाची गादी मधोमध अशी काही झिजली होती की त्यात त्याला चौतीस वर्षं दिसली. तो तिथंच फरशीवर पालथा पडला, अर्धा लिफ्टमध्ये, अर्धा बाहेर. साहेब त्याला ओलांडून बाहेर आले. दार मिटायला निघालं, धाकट्याच्या बरगड्यांवर आपटलं आणि उघडलं. पुन्हा निघालं, पुन्हा आपटलं. लिफ्ट कोकलायला लागली.

"अहो, उठा की!" शिपाई ओरडला.

"मी इथं नाहीये असं समजा," धाकटा खालून म्हणाला.

शिपायाला तसं समजणं जमलं नाही. त्याने सरळ धाकट्याचे दोन्ही पाय धरले आणि ओढलं. धाकटा फरशीवरून सरपटत साहेबांच्या पलीकडे आला, आणि नेमके तेव्हाच साहेब लिफ्टकडे वळले, दादासमोर हात पुढे केला आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून आम्ही वर पोचलो." टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्याने घाईघाईने बटण दाबलं. फोटोत आली साहेबांची पाठ. चांगली रुंद, चौकटभर. तिच्या कडेला दादाचा एक कान.

दादाच्या लक्षात आलं. "अरे, साहेब अजून इथंच आहेत," तो हळूच म्हणाला. "पुन्हा एकदा मिळवू का हात? तुला नीट मिळेल."

"मिळवू की, मला काय!" साहेबही म्हणाले.

"नको दादा," धाकटा कपडे झटकत म्हणाला. "घडलं ते घडलं. पुन्हा केलं तर खोटं होईल."

दादाचा हात अर्धा वर आला होता. त्याने तो विजारीला पुसला आणि खिशात घातला.

घरी वहिनींनी फोटो बघितला आणि धाकट्याच्या हातात परत दिला. त्या रागावल्या असत्या तर धाकट्याला बरं वाटलं असतं. चौकट रिकामीच टांगलेली राहिली.

रविवारी मास्तर मात्र त्या फोटोपुढे हात जोडायचेच बाकी राहिले. "एक अख्खी नोकरी एका पाठीत! वा! घरचे खूश असतील."

"त्यांना चेहरे हवे होते," धाकटा म्हणाला. "दादा पुन्हा हात मिळवायला तयार होता. मीच नको म्हटलं. तुमचा नियम."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तो नियम बातमीसाठी! भावासाठी नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी जावयाला तीनदा दारातून आत आणला. चौथ्यांदा तो चिडला म्हणून थांबलो."

धाकट्याचं तोंड कडू झालं. आठवडाभर विनवण्या करून त्याने साहेबांच्या केबिनमधली दोन मिनिटं मिळवली. दादा नको नको म्हणत इस्त्रीचा शर्ट घालून आला. नखंही कापलेली होती.

लिफ्टमधलं स्टूल गेलं होतं. तरी दादा आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दार मिटता मिटता साहेब कानाला फोन लावून आत शिरले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. "सातवा," ते मागं न बघता म्हणाले. दादाच्या डाव्या हाताने आपसूक बटण दाबलं. सातव्यावर साहेब बोलत बोलत निघून गेले.

दादा जागचा हलला नाही.

"चल ना, आपल्याला वेळ दिलीय त्यांनी," धाकटा म्हणाला. "आत्ता त्यांची पाठ होती, म्हणून ओळखलं नाही."

"राहू दे," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पुन्हा करून घेतलं तर खोटंच होईल ते."

आपलेच शब्द असे परत आलेले ऐकून धाकट्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. त्या दिवशी अर्धं मिनिट थांबलो असतो तर काय बिघडत होतं? मास्तरांनी तरी कुठं विचारलं असतं?

लिफ्ट खाली निघाली. "आता आलोच आहोत, तर माझा एकट्याचा काढ," दादा म्हणाला. "नीट उभा करून."

धाकट्याने त्याला जन्मात कोणाला केलं नसेल इतकं नीट उभं केलं. जरा उजवीकडे. हनुवटी वर. कॅमेऱ्याकडे बघ. हस. एक, दोन, तीन. अगदी हजेरी.

वहिनींनी फोटो चौकटीत बसवला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. "छान आलेत हो हे. पण हा उजवा हात असा पुढे का केलाय?"

"बटण दाबत होतो," दादा म्हणाला.

धाकट्याने कापड घेतलं आणि काच पुन्हा पुसायला लागला.