बोंबलाच्या तेलावरची मोटर

लष्कराच्या वर्कशॉपात आपण पंधरा वर्षं मोटारी उघडल्यात, आपल्यापुढं तालुक्यात कुणी टिकायचा नाही, असं मिरजगावचा योहान भेटेल त्याला सांगायचा. पेन्शनीत आल्यावर त्याने नगरच्या भंगारातून बॅटरीवर चालणारी, नारळाएवढी मोटर आणली आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे आऱ्यांच्या मधल्या गाभ्यातच, बसवली. पायडल मारायचं कामच नको.

सायकल पळायची. पण मैलभर गेली की तुंबा तव्यासारखा तापायचा आणि आतल्या तारा करपायच्या. योहानने झाकणाला भोकं पाडली, तर रस्त्याचा फुफाटा आत गेला. बाहेरून पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या, पण उष्णता तारांपासून कवचापर्यंत यायलाच तयार नव्हती. मग त्याला सुचलं की आत तेल सोडावं. तारांची उष्णता तेल उचलील, कवचाला देईल, आणि पळत्या चाकाचा वारा ती घेऊन जाईल. कल्पना नामी होती.

पण साल बहात्तरचं, दुष्काळाचं. खायला तेल मिळेना, तिथं चाकाला कुठलं द्यायचं, असं म्हणत बायकोने, रेबेकाने, बोंबील तळून उरलेलं तेल त्याच्यापुढं सरकवलं. योहानने भोकं बुजवली आणि ते आत ओतलं.

त्याच दिवशी शाळेच्या पटांगणात ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. बीडीओसाहेबांनी पसंत केलेली वस्तू पुढं जिल्ह्याला जाणार होती. गावाला तीन चकरा मारायच्या आणि तरीही मोटर तापत नाही हे दाखवायचं, असा योहानचा बेत होता.

पहिल्या चकरेला तुंबा कोमट. दुसरीला तेल पातळ होऊन कडेने पाझरलं आणि वास सुटला. चावडीपाशी एक कुत्रं मागे लागलं, बाजारतळावर त्याची पाच झाली. तिसरीला योहानने वेग वाढवला, तशी मोटर तापली, वास वाढला आणि कुत्री आठ झाली. साळूबाईने ओट्यावरून बोंबलाचा भाव विचारला. ही मोटर आहे, असं योहानने संतापून सांगितलं. ती म्हणाली, असू दे, पावशेर दे.

पटांगणात त्याने साहेबांपुढं सायकल उभी केली.

"हात लावून बघा साहेब. तीन मैल पळलीय, तरी हात टिकतोय."

साहेबांनी हात लावला. खरंच टिकला. मग बोटं नाकाशी नेऊन त्यांनी विचारलं, "ओले की सुके?"

योहानच्या अंगाचा तिळपापड झाला. वास येतोय याचाच अर्थ उष्णता बाहेर येतीय, हे त्याने पाव तास समजावलं. तोवर कुत्र्यांनी तुंबा चाटून लख्ख केला. साहेब मात्र वहीत लिहून घेत होते, म्हणून त्याला वाटलं, पटलं.

महिन्याने प्रशस्तिपत्र आलं. खाद्यपदार्थ विभाग, उत्तेजनार्थ.

योहान तडक एसटीने कर्जतला, साहेबांच्या तालुक्याच्या कचेरीत गेला आणि टेबलावर कागद आपटून म्हणाला, की हा शास्त्राचा अपमान हाय. तिथले कारकून रंगनाथराव सज्जन होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडलं.

"मोटारीचा रकानाच न्हाई हो यात. खाद्यपदार्थ नको असंल तर पशुसंवर्धनात घालतो. आठ कुत्री साहेबांनी सोता मोजलीत."

 योहानने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. खाद्यपदार्थच बरं."