रिकामं पाणी

समुद्राने आडबंदरच्या वीज प्रकल्पाला युरेनियम देणं बंद केलं आणि कारण सांगायला तो स्वतः कार्यालयात आला.

प्रकल्पप्रमुख दीनानाथ मयेकरांनी त्याला बाकावर बसवलं, रीतीप्रमाणे पाणी विचारलं. तो नको म्हणाला. मयेकरांचं अर्धं लक्ष आरोग्य केंद्रात होतं. त्यांची लेक दिवस भरण्याआधीच जन्मली होती आणि तिथे काचेच्या उबदार पेटीत होती. पेटी चालायची याच प्रकल्पाच्या विजेवर. शिल्लक युरेनियम जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होतं.

"आपली तक्रार?" मयेकरांनी विचारलं.

"तक्रार कसली," समुद्र संकोचून म्हणाला. "मी भरलेलं पाणी पाठवतो. तुम्ही त्यातलं युरेनियम गाळून घेता, गावात उजेड होतो, आनंदच आहे. पण पाणी परत येतं ते रिकामं. शेजाऱ्याचं भांडं कुणी असं परत करतं का हो?"

मयेकर ओशाळले. त्यांच्या घरून शेजारची वाटी चिमूटभर साखर घातल्याशिवाय कधी गेली नव्हती. इथे मात्र ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याचं बरोबर आहे. काय घालायचं ते स्थानिक पातळीवर ठरवा. फक्त विकतचं नको, बरं दिसत नाही."

मयेकर घरी गेले. सासूबाईंनी मयेकरांच्या बायकोसाठी, शर्वरीसाठी, अळिवाचे लाडू वळून ठेवले होते.

"बाळंतिणीच्या तोंडचे काढून नेताय?" त्या कडाडल्या. कारण कळल्यावर मात्र त्यांनीच शर्वरीचं नाव कोरलेला स्टीलचा डबा शिगोशीग भरला. "इतकी वर्षं नुसतं घेतच होतात? शोभतं का तुम्हाला?"

डबा परतीच्या पाण्यात सोडला. थोड्याच वेळात गाळण्यांवर युरेनियम धरू लागलं, रोजच्यापेक्षा जरा जास्तच. संध्याकाळी पेटीचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. काचेपलीकडे लेकीने मूठ उघडली, मिटली. मयेकरांना रडू आवरेना. समुद्राचे उपकार कसे फेडावेत, त्यांना कळत नव्हतं.

सकाळी डबा कार्यालयाच्या पायरीवर होता, घासून लख्ख केलेला. आत मोरी माशाचे तुकडे होते, साफ करून हळद-मीठ लावलेले, बाळंतिणीला दूध यावं म्हणून.

सासूबाईंनी मोरी चुलीवर चढवली आणि डबा धुऊन पुसला.

"आता ह्यात काय घालू? नारळाच्या वड्या नकोत, नारळ त्याला दर श्रावणात मिळतोच. विचारून या काय आवडतं ते. आणि बाळ आज दूध प्यायलं म्हणून सांगा. वाट बघत असेल."

मयेकरांनी चपला घातल्या आणि ते सांगायला निघाले.