शमुवेलकाका आणि व्याह्यांची पंगत

मिरजेत आमच्या शेजारी राहणारे शमुवेलकाका कुणाच्याही घरी न बोलावता थेट पानावर बसतात. बारसं असो, सत्यनारायण असो, नाहीतर मागच्या गल्लीतली ईद असो. "पेत्र जेवला, मग मी कोण रं?" एवढं म्हणायचं की बाह्या सरसावल्याच!

हा पेत्र म्हणजे येशूचा शिष्य. पक्का यहुदी, परक्याच्या घरी पाणीही न पिणारा. मग त्याला दृष्टान्त झाला, तो एका रोमी अंमलदाराच्या घरी गेला, जेवला, आणि परक्यांना ख्रिस्ती मंडळीचं दार उघडलं. ही गोष्ट काकांनी मला इतक्यांदा ऐकवलीय की आता ते चुकले तर मीच दुरुस्त करतो. पार्किंगचं भांडण झालं तरी हेच. "पेत्रानं जल्माचं सोवळं सोडलं, तुला गाडी सरकवाय येत न्हाई व्हय?"

आणि ह्याच माणसानं लेकीच्या सासरचा उंबरा ओलांडला नव्हता! एस्तेरनं जतकडच्या धनगराच्या पोराशी लग्न केलं, अक्षता बिरोबाच्या देवळात पडल्या. चर्चमधले काय म्हणतील, या धाकानं काका गेलेच नाहीत. परवा नातवाचं जावळ होतं, आमंत्रणही आलं होतं, तर सकाळी म्हणाले, "त्ये बोकड देवाला दावत्यात. आपल्याला चालत न्हाई."

रूथकाकू भाकरी थापत होत्या. "आवं, तुमचा पेत्र बी अंत्युखिया गावात आपली यहुदी माणसं आलेली बघून भ्याला आन् परक्यांच्या पंगतीतनं उठला. त्याच्याच जोडीच्या पौलानं चारचौघांत झापला त्याला. त्ये कवा सांगत न्हाई तुमी!"

काकांचा चेहरा उतरला. मला तर लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काका उठले, मला म्हणाले, "गाडी काढ."

वाडीवर व्याही दारातच उभे होते. काकांचा हात धरून त्यांनी आत नेलं. "पाव्हणं, तुमचं मटण येगळं शिजवलंय, देवाला दावलेलं न्हाई. पोरीनं समदं सांगितलंय. दर सणाला तुमचं येगळं काढून ठेवतो, म्हटलं आज येतील."

काका पंगतीत बसले. एस्तेरनं ताट वाढलं.

"आदी तुमची प्रार्थना म्हणा," व्याही म्हणाले, "मग आमी सुरू करतो."

काकांनी डोळे मिटले, "बापा..." म्हणाले आणि रडायलाच लागले. अख्खी पंगत हात आखडून बसून राहिली. त्यांचं आवरेपर्यंत कुणी घास उचलला नाही.